चूक कुठे आहे, ते तरी सांगा: लिनक्स कर्नल, फिल्टर आणि ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’

‘राइट एरर: इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. लिनक्सवर खोलात शिरून काम करणाऱ्या कुणालाही हे शब्द ओळखीचे असतात. अर्थ एवढाच की तुम्ही जे दिलंत ते चालणार नाही. काय चालणार नाही, का, कुठल्या अक्षराशी घोडं अडलं, याबद्दल अवाक्षर नाही.

मी नोकरीत नवा असताना एक सर्व्हर दर काही मिनिटांनी दोन-तीन सेकंद थिजायचा. लॉगमध्ये काही नाही, मेमरी पुरेशी, डिस्क ठीक. शेजारच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने सुचवलं, ‘कर्नलचा ट्रेस घेऊन बघ. पण फिल्टर लाव हं, नाहीतर नोंदींच्या पुरात काही हाती लागायचं नाही.’ मी ओळ लिहिली, एंटर दाबलं आणि वरचं उत्तर आलं. कंस मोजले. नावांची स्पेलिंगं ताडून बघितली. दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एक करून बघितलं. पाऊण तास गेला. शेवटी तोच सहकारी खुर्ची ओढून बसला, ओळीवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाला, ‘अरे, कोट्स कुठायत?’

कोट्स, म्हणजे अवतरणचिन्हं, मी घातली होती. पण आपण जिथे आज्ञा टाइप करतो त्या प्रोग्रॅमने, म्हणजे शेलने, ती स्वतःसाठीच आहेत असं समजून काढून घेतली आणि उरलेली ओळ पुढे पाठवली. कर्नलला मिळाली ती बिनकोट्सची ओळ.

सहकाऱ्याला एका नजरेत दिसलेली चूक कर्नललाही दिसलीच होती. त्याने ती ओळ अक्षर अक्षर वाचली होती आणि नेमक्या एका जागी तो थांबला होता. मग त्याने ते सांगितलं का नाही?

## आधी कर्नल आणि त्याचा माग

कर्नल म्हणजे संगणकाच्या कारभाराचा गाभा. ब्राउझर असो की बँकेचं ॲप, प्रोसेसर कुणाला किती वेळ द्यायचा, मेमरी कुणाला, डिस्कवर आधी कोण लिहिणार, हे सगळं कर्नल ठरवतो. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स कर्नल आज जगभरातल्या सर्व्हरवर आहे आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्येही आहे. म्हणजे तुम्ही हे फोनवर वाचत असाल, तर बहुधा याच कर्नलच्या जिवावर.

एखादं काम रखडलं की त्याचं कारण बऱ्याचदा प्रोग्रॅमच्या बाहेर असतं. प्रोग्रॅम बिचारा रांगेत उभा असतो. रांग कुणी अडवली हे फक्त कर्नललाच माहीत. ते बघण्यासाठी कर्नलच्या आत ठराविक जागी नाके ठेवलेले आहेत. हमरस्त्यावरच्या टोलनाक्यासारखेच. गाडी गेली की नाक्यावरच्या वहीत नोंद. अशा नाक्यावरून काही जाणं याला ‘इव्हेंट’ म्हणतात आणि या नोंदी गोळा करणं म्हणजे ट्रेसिंग, आपल्या भाषेत माग काढणं.

एक नाका जवळून बघू. त्याचं नाव ‘शेड स्विच’. प्रोसेसरने एक काम बाजूला ठेवून दुसरं हातात घेतलं की इथे नोंद होते. वहीचे रकाने ठरलेले आहेत: आधीच्या कामाचं नाव, त्याचा क्रमांक, त्याचा प्राधान्यक्रम, ते कुठल्या अवस्थेत बाजूला झालं, मग पुढच्या कामाचं नाव, क्रमांक, प्राधान्यक्रम. प्रत्येक नाक्याची वही वेगळी आणि रकानेही वेगळे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लिनक्समध्ये ही सोय ‘एफट्रेस’ नावाने २००८ मध्ये आली, कर्नलच्या २.६.२७ या आवृत्तीत. स्टीव्हन रोस्टेट हे तिचे कर्ते. तिचा मला सगळ्यात आवडणारा गुण म्हणजे वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. ‘ट्रेसिंग’ नावाच्या एका फोल्डरमध्ये प्रत्येक नाक्याचं एक फोल्डर, त्यात साध्या फाइली. एका फाइलीत १ लिहिलं की नाका सुरू, शून्य लिहिलं की बंद. अँड्रॉइडवर फोन का अडखळतो हे शोधणारी साधनंसुद्धा शेवटी याच नोंदी वाचतात.

## फिल्टर नसला तर काय बिघडतं?

कामात असलेल्या मशीनवर ‘शेड स्विच’च्या नोंदी सेकंदाला हजारोंनी पडतात. तुम्हाला हवी असते त्यातली एखादी.

पण प्रश्न निव्वळ गर्दीचा असता तर नंतर निवडून काढता आल्या असत्या. खरी अडचण जागेची आहे. नोंदींसाठी प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमागे नेहमीच्या मांडणीत १४०८ केबी, म्हणजे साधारण दीड एमबीपेक्षाही कमी जागा असते. ती भरली की नवी नोंद सर्वांत जुन्या नोंदीच्या डोक्यावर लिहिली जाते. विहिरीवरच्या रहाटासारखी ही वही गोल फिरत राहते. तुम्हाला हवी असलेली नोंद पडली आणि तुम्ही वाचायला येईपर्यंत तिच्यावर दुसऱ्या हजारो नोंदी चढल्या, तर ती गेलीच. म्हणून चाळणी नाक्यावरच लावायला हवी, वहीत शिरण्याआधी. ही चाळणी म्हणजे फिल्टर. टॉम झानुसी यांनी २००९ मध्ये ती एफट्रेसमध्ये आणली.

चाळणी लावायची म्हणजे त्या नाक्याच्या ‘फिल्टर’ नावाच्या फाइलीत एक अट लिहायची. अटीत तीन गोष्टी: रकान्याचं नाव, तुलनेचं चिन्ह, आणि किंमत. ‘आणि’साठी &&, ‘किंवा’साठी ||, गट करायला कंस. उदाहरणार्थ, सिग्नल, म्हणजे एखाद्या कामाला दिलेली क्रमांकाची छोटी सूचना, पाठवल्याची नोंद ठेवणाऱ्या नाक्यावर अशी अट लिहिता येते (प्रत्यक्षात अक्षरं रोमन असतात, इथे उच्चार दिला आहे):

((सिग >= १० && सिग < १५) || सिग == १७) && कॉम != "बॅश"

अर्थ: सिग्नलचा क्रमांक १० ते १४ मधला किंवा १७ असेल, आणि काम ‘बॅश’ (हे एका शेलचं नाव) नसेल, तरच नोंद करा. ‘सिग’ हा आकड्यांचा रकाना, ‘कॉम’ हा नावाचा. नाव कोट्समध्ये, आकडा उघडा.

एवढ्याशा ओळीत चुकायच्या जागा किती, बघा. रकान्याचं नाव चुकेल. दुसऱ्या नाक्यावरचा रकाना इथे लिहिला जाईल. कंस जुळणार नाही. कोट्स राहतील, किंवा शेल खाईल. आकड्याच्या रकान्याला नाव दिलं जाईल. आणि यांतलं काहीही झालं तरी पडद्यावर उमटणारं वाक्य एकच.

## उत्तर इतकं तुटक का येतं?

इथे कर्नलला दोष देण्याआधी त्याची अडचण समजून घ्यायला हवी.

फाइलीत काही लिहिणं ही प्रोग्रॅमने कर्नलला केलेली विनंती असते. या विनंतीचं उत्तर म्हणून कर्नलला एकच गोष्ट परत देता येते: एक आकडा. लिहून झालं तर किती अक्षरं लिहिली तो आकडा, नाही झालं तर कुठल्या प्रकारची चूक झाली त्याचा क्रमांक. ही पद्धत १९७०च्या दशकातल्या युनिक्सपासून चालत आली आहे. क्रमांकांची यादी ठरलेली आहे, सव्वाशेच्या थोडी पुढे जाते. त्यात २२ म्हणजे ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. ही अक्षरं कर्नल पाठवतच नाही. तो २२ म्हणतो आणि बाहेर उभा असलेला शेल यादीत बघून ती अक्षरं पडद्यावर छापतो.

सरकारी कचेरीतली खिडकी डोळ्यांपुढे आणा. आतल्या कारकुनाने तुमचा अर्ज नीट वाचला आहे. सातव्या रकान्यात जन्मतारखेऐवजी गावाचं नाव लिहिलंय, हे त्याने पाहिलं आहे. पण त्याच्याकडे पेन नाही, फक्त शिक्के आहेत. तो बावीस नंबरचा शिक्का मारून अर्ज फटीतून बाहेर सारतो. बाहेरचा शिपाई तक्ता बघून सांगतो, ‘बावीस म्हणजे अर्ज अयोग्य.’ शिपायाला खोदून विचारून उपयोग नाही, त्याने अर्ज वाचलेलाच नाही. ज्याला चूक माहीत आहे तो आत, ज्याला ती दुरुस्त करायची आहे तो बाहेर, आणि मधल्या फटीतून जातो फक्त एक आकडा.

बावीस क्रमांकाचा शिक्का तर सर्वांत जास्त वापरला जाणाऱ्यांपैकी. फाइल नसली तर वेगळा क्रमांक आहे, परवानगी नसली तर वेगळा. ज्याला दुसरीकडे कुठेच बसवता येत नाही ते सगळं २२ मध्ये जमा होतं.

## पहिला उपाय: त्याच फाइलीत निरोप ठेवणं

फटीतून आकडाच जाणार असेल, तर कारण दुसरीकडे कुठेतरी लिहून ठेवता येईल. फिल्टरच्या बाबतीत सुरुवातीला हेच केलं गेलं. अट नाकारली की कर्नल ती अट आणि तिच्याखाली कारण त्याच ‘फिल्टर’ फाइलीत लिहून ठेवतो. कर्नलच्या कागदपत्रांत याचं उदाहरण आहे. वरच्या अटीत ‘सिग’ऐवजी ‘डीसिग’ लिहिलं जातं, २२ परत येतो, मग तीच फाइल उघडून वाचली की अट दिसते, तिच्याखाली ^ ही खूण, जिला कॅरेट म्हणतात, आणि त्याखाली ‘फील्ड नॉट फाउंड’, म्हणजे असा रकानाच नाही.

उपाय चांगला होता, पण अर्धा. कॅरेटचं काम चुकीवर बोट ठेवणं. इथे ते बोट कायम ओळीच्या पहिल्या अक्षराखालीच यायचं, चूक कुठेही असो. कागदपत्रांतही हे प्रांजळपणे लिहिलेलं आहे: खूण सध्या नेहमी सुरुवातीलाच दिसते, पण नेमकी जागा नसली तरी संदेश उपयोगी पडावा. पाच रकान्यांच्या अटीत ‘असा रकाना नाही’ एवढंच कळलं तर पाचही नावं तपासत बसायचं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. निरोप ठेवण्यासाठी कर्नल त्या नाक्यावरचा आधीचा फिल्टर काढून तिथे नवा, चुकलेला, निरोपासकट बसवतो. मग चुकलेल्या फिल्टरने चाळता तर येत नाही, म्हणून तो फिल्टर बंद करतो. कर्नलच्या कोडमध्ये हे ठरवून केलेलं आहे, टिपणासकट. म्हणजे तासभर नीट चालणारी चाळणी आणखी बारीक करायला गेलात आणि एक कोट चुकला, तर जुनी चाळणीही जाते. नाका मात्र चालूच असतो. आता सगळ्याच नोंदी वहीत येतात आणि तुम्ही जपून ठेवलेल्या नोंदी काही क्षणांत पुसल्या जातात. पडद्यावर मात्र तेच: इनव्हॅलिड आर्ग्युमेंट. वाचणाऱ्याला वाटतं नवी अट लागली नाही, म्हणजे जुनी शाबूत असेल. तसं नसतं. म्हणून अट बदलण्याआधी नाका बंद करावा, अट बसली की मगच सुरू करावा. ही सवय मी स्वतःला मुद्दाम लावून घेतली आहे.

माझ्या त्या पाऊण तासातही निरोप त्याच फाइलीत पडून होता, हे मला कितीतरी दिवसांनी कळलं. २२ छापणाऱ्या शेलला ते माहीत नव्हतं आणि मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

## २०१८ आणि २०१९: बोट नेमक्या जागी

२०१८ मध्ये रोस्टेट यांनी फिल्टर वाचणारा भाग जवळपास नव्याने लिहिला. तो ४.१७ या आवृत्तीत आला. मुख्य हेतू होता तपासणी सोपी आणि वेगवान करण्याचा. अट वाचून तिचा एक छोटा प्रोग्रॅम तयार होतो, आणि प्रत्येक नोंदीवर ‘हे खरं असेल तर तिकडे जा, खोटं असेल तर इकडे’ अशा उड्या मारत तो निकाल देतो. पण डावीकडून उजवीकडे एका सरळ ओघात वाचायचं ठरल्यामुळे, अडलो तर कितव्या अक्षराशी अडलो हे हाताशी राहू लागलं. कॅरेट चुकीच्या आसपास येऊ लागला. मला यातून एक गोष्ट पटली. चांगला एरर मेसेज वरून चिकटवता येत नाही. वाचणाऱ्याने वाचतानाच आपण कुठे आहोत याचं भान ठेवलेलं असेल, तरच त्याला नंतर बोट दाखवता येतं.

पुढच्या वर्षी, ५.२ या आवृत्तीत, झानुसी यांच्या कामातून ‘एरर लॉग’ नावाची एक वेगळी फाइल आली. ट्रेसिंगच्या बऱ्याच भागांत, फिल्टर असो की दुसरं काही, आज्ञा चुकली की तिथे नोंद होते: वेळ, चूक कुठल्या भागात झाली, कारण, तुम्ही दिलेली आज्ञा जशीच्या तशी, आणि तिच्याखाली कॅरेट. शेवटच्या आठ चुका राहतात, नववी आली की सर्वांत जुनी जाते. आता कुठल्या नाक्याच्या कुठल्या फाइलीत बघायचं हे आठवावं लागत नाही. एकच जागा लक्षात ठेवायची. कचेरीच्या दारावर ‘नाकारलेल्या अर्जांची कारणं इथे’ असा फलक लावल्यासारखं.

## शब्दांकडेही बघायला हवं

जागा कळली तरी कारणाचे शब्द नीट नसतील तर माणूस पुन्हा अडतो. फिल्टरच्या चुकांचे जेमतेम वीसेक संदेश आहेत. त्यातले काही वाचताना लिहिणाऱ्याने समोरच्या माणसाचा विचार केलेला दिसतो, काहींत तो दिसत नाही.

माझा लाडका संदेश असा आहे: ‘इनव्हॅलिड व्हॅल्यू, डिड यू फर्गेट कोट्स?’ म्हणजे, किंमत अयोग्य आहे, कोट्स विसरलात का? जुन्या कर्नलमध्ये नाव उघडं लिहिलेलं चालायचं, नव्या वाचनात चालेनासं झालं, म्हणून हा संदेश आला. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्या सहकाऱ्याची आठवण झाली. शब्दसुद्धा तेच! लिहिणाऱ्याला ठाऊक आहे की इथे येणाऱ्या दहांपैकी बहुतेकांचे कोट्सच गेलेले असतात. तो नियम सांगून थांबत नाही, संभाव्य कारण पुढे ठेवतो.

आता दुसरा संदेश बघा: ‘एक्स्पेक्टिंग न्यूमेरिक फील्ड’, आकड्यांचा रकाना अपेक्षित आहे. समजा तुम्ही ‘सिग == "बॅश"’ लिहिलंत. रकाना आकड्यांचाच आहे, चुकली आहे ती किंमत. संदेश मात्र रकान्याबद्दल बोलतो. वाचणारा आधी रकाना बदलायला धावेल. ‘सिग हा आकड्यांचा रकाना आहे, त्याला आकडा द्या’ एवढं म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. कंसाचंही तसंच. बंद करणारा कंस जास्तीचा पडला, तर संदेश म्हणतो उघडणारे कंस कमी आहेत. गणिताने दोन्ही एकच, पण माणूस जास्तीचं चिन्ह शोधतो की कमी पडलेलं, हे त्या शब्दांवर ठरतं.

आणि ‘मीनिंगलेस फिल्टर एक्स्प्रेशन’, अर्थहीन अट. हा संदेश वाचून पुढे काय करावं हे कुणीही सांगू शकणार नाही.

## ‘पण हे तर तज्ज्ञांचं साधन आहे’

हा आक्षेप नेहमी येतो. एफट्रेस वापरायला मशीनचा सर्वाधिकार लागतो, सामान्य माणूस तिथे जात नाही, मग इतके लाड कशाला?

तज्ज्ञ हे साधन रोज वापरत नाहीत, हे यातलं मर्म. सहा महिन्यांतून एकदा वापरतात, आणि तेही काहीतरी बिघडलं असताना, अवेळी, मागे चार जण ‘झालं का?’ म्हणून विचारत असताना. आग लागल्यावर नळाची चावी कुठल्या दिशेला फिरते हे आठवायला लागू नये. शिवाय प्रत्येक तज्ज्ञ कधीतरी पहिल्यांदाच ती ओळ लिहीत असतो.

## ‘कर्नलला हळू करेल ना हे?’

नाही. अट एकदाच वाचली जाते, ती फाइलीत लिहिताना. संदेश तयार होतो तोही तेव्हाच, आणि चूक असेल तरच. नंतर हजारो नोंदी चाळताना या शब्दांचा काही संबंध येत नाही. जागाही क्षुल्लक लागते. संदेशांची यादी ठरलेली असल्याने लॉगमध्ये वेळ, भाग, संदेशाचा क्रमांक, अक्षराची जागा आणि तुमची आज्ञा एवढंच ठेवायचं.

## ‘मग आकडाच बंद करून थेट वाक्य का पाठवत नाहीत?’

इथे मात्र आकड्याची बाजू घ्यावी लागते. कर्नलशी बोलणारे बहुतेक वेळा प्रोग्रॅम असतात, माणसं नव्हेत. प्रोग्रॅमला ‘फाइल नाही’ आणि ‘परवानगी नाही’ यांतला फरक क्षणात कळायला हवा, वाक्य वाचत बसून चालत नाही. आकडा कधी बदलत नाही, वाक्यं सुधारत राहावी लागतात. प्रोग्रॅम वाक्यांवर विसंबले तर पुढे कुणाला त्यातला एक शब्दही बदलता येणार नाही. आकड्याचा आणखी एक फायदा म्हणजे भाषांतर बाहेर होऊ शकतं. बावीसचा अर्थ जर्मन किंवा फ्रेंच वापरकर्त्याला त्याच्या भाषेत दाखवला जातो. कर्नलच्या आतून आलेलं इंग्रजी वाक्य तसंच येतं.

म्हणून प्रोग्रॅमसाठी आकडा आणि माणसासाठी वाक्य, दोन्ही हवं. कर्नलच्या इतर भागांनी ही वाट आधीच काढली आहे. नेटवर्कची मांडणी करणाऱ्या नेटलिंक या भागात २०१७ पासून, ४.१२ आवृत्तीपासून, आकड्याबरोबर कारणाचं वाक्य जोडून पाठवता येतं. बीपीएफमध्ये, म्हणजे कर्नलमध्ये बाहेरून छोटे प्रोग्रॅम चालवू देणाऱ्या सोयीत, मागणाराच एक कोरी जागा सोबत देतो आणि नाकारलं तर कर्नल त्यात सविस्तर कारण लिहितो. कारकुनाला अर्जासोबत कोरा कागद आणि पेन दिल्यासारखं. फाइलीत लिहिण्याच्या साध्या विनंतीत तशी सोय नाही, म्हणून ट्रेसिंगला वेगळा लॉग ठेवावा लागला.

याच कारणाने एक कोपरा अजून अंधारात आहे. ‘पर्फ’ या लोकप्रिय साधनातूनही हेच फिल्टर लावता येतात, पण तिथे अट फाइलीतून न जाता दुसऱ्या दाराने जाते. त्या वाटेवर कर्नल निरोप लिहून ठेवत नाही आणि हाती येतो तो पुन्हा २२. माझा उपाय सोपा आहे. तीच अट एफट्रेसच्या फाइलीत टाकून बघायची, कारण वाचायचं, आणि दुरुस्त करून पर्फला द्यायची.

## ‘आता चॅटबॉटला विचारलं की झालं’

अट त्याला दाखवली तर कंस आणि कोट्स तो नक्की पकडेल. पण तुमच्या मशीनवरच्या या आवृत्तीत, या नाक्याच्या वहीत कुठले रकाने आहेत, हे त्याला दिसत नाही. रकाने आवृत्तीगणिक बदलतात. ते ठामपणे सांगू शकणारा एकच, आणि तो म्हणजे तुमच्या समोरच्या मशीनमधला कर्नल. चॅटबॉटला विचारायचं असेल तर त्यालासुद्धा ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’पेक्षा ‘अमुक जागी असा रकाना नाही’ हे दिलेलं बरं.

## ज्या चुकांना एररच येत नाही

आतापर्यंत नाकारलेल्या अटींबद्दल बोललो. मला जास्त भीती वाटते ती स्वीकारलेल्या पण चुकलेल्या अटींची.

कामाचं नाव ठेवणाऱ्या ‘कॉम’ रकान्यात १६ बाइट मावतात, त्यातला शेवटचा समाप्तीच्या खुणेसाठी. म्हणजे नावाची १५ अक्षरं. तुमच्या प्रोग्रॅमचं नाव वीस अक्षरी असेल तर कर्नलने ते पंधरावर कापलेलं असतं. तुम्ही अटीत पूर्ण नाव लिहिता. व्याकरण शुद्ध, रकाना बरोबर, कोट्स जागेवर. कर्नल अट घेतो. आणि एकही नोंद येत नाही, कारण वीस अक्षरी नाव त्या रकान्यात कधी असूच शकत नाही. बघणारा निष्कर्ष काढतो की आपला प्रोग्रॅम या नाक्यावरून गेलाच नाही. या रकान्याला पंधरापेक्षा मोठं नाव कधीही जुळणार नाही, हे कर्नलला अट वाचतानाच कळण्याजोगं आहे. इथे एक इशारा द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं उदाहरण पकडणं कर्नललाही शक्य नाही. ‘शेड वेकअप’ या नाक्यावर झोपलेलं काम जागं केल्याची नोंद होते. वहीत क्रमांकाचे दोन रकाने आहेत. ‘कॉमन पीआयडी’ हा बहुधा ज्याने जागं केलं त्याचा, नुसता ‘पीआयडी’ हा जो जागा झाला त्याचा. तुम्हाला जागा होणारा हवा आणि तुम्ही ‘कॉमन पीआयडी’वर अट लावलीत, तर नोंदी येतील, भरपूर येतील, आणि सगळ्या दुसऱ्याच कुणाच्या असतील. चोर सोडून संन्याशाला फाशी.

या दोन्हींवर उपाय एकाच जागी मिळतो. प्रत्येक नाक्याच्या फोल्डरमध्ये ‘फिल्टर’च्या शेजारी ‘फॉरमॅट’ नावाची फाइल असते. तीत त्या वहीचे सगळे रकाने, त्यांचा प्रकार आणि आकार छापलेला असतो. ‘शेड स्विच’ची फाइल उघडलीत तर आधीच्या कामाच्या नावापुढे चौकटी कंसात १६ हा आकडा दिसेल. मी आता अट लिहिण्याआधी ती फाइल वाचतो, मग फिल्टरशिवाय क्षणभर नाका सुरू करून दहा-वीस नोंदी डोळ्यांखालून घालतो. नावं कशी कापली जातात, कुठल्या रकान्यात कुणाचा क्रमांक येतो, ते तिथे दिसतं. अट त्यानंतर लिहितो, कोट्स आत दुहेरी आणि सगळी ओळ एकेरी कोट्समध्ये, म्हणजे शेल आतल्यांना हात लावत नाही.